छातीचं ऑपरेशन ठरलं असलं तं: दवाखान्याची तयारी, ब्लाऊज, ब्रा आन् फॉर्म

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख भेटली की घरातले सगळे पैसे आन् कागदाच्या मागं लागतात. ते लागायलाच पायजे. पण ऑपरेशननंतर जखमेला नळी लावलेली असताना बाई अंगात काय घालेल, घरी आल्यावर झोपेल कुठं, चार महिन्यांनी भाचीच्या लग्नात जायचं असलं तं ब्लाऊज कसा बसेल, हे कोणीच बोलत नाही, बाई स्वतःही बोलत नाही, लाजते. मी यवतमाळ जिल्ह्यात गावातच शिवणकाम करते. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं एका बाजूचं स्तन काढावं लागलं तेव्हापासून आजूबाजूच्या गावच्या बाया माझ्याकडं येतात, कोणाला खिशाची ब्रा पायजे, कोणाला कापडाचा फॉर्म, कोणाला पेटीतले जुने ब्लाऊज उसवून नव्यानं बसवून पायजे. त्यातून जे जे समजलं ते इथं लिहून राहिली. फॉर्म म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी बाहेरून लावायचा नकली स्तन, दवाखान्यात कोणी प्रोस्थेसिस म्हणते. औषध-गोळी आन् जखमेच्या बाबतीत मात्र तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा.

आधी एक गोष्ट. तारीख पुढं ढकलू नका. "वेचणी होऊन जाऊ द्या", "सोयाबीन घरात येऊ द्या", "पोरीचं लग्न आटपू द्या", हे आपल्याकडं भलतं चालते, आन् बहुतेक वेळा बाईच म्हणते. वावर पुढच्या वर्षीही तिथंच राहते. डॉक्टरांनीच आधी किमो (कॅन्सरवरची जोरदार औषधं) आन् मग ऑपरेशन असं सांगितलं तं ते वेगळं, ते गाठ लहान करायसाठी असते. आन् मधल्या दिवसांत गाठीवर झाडपाल्याचा लेप, चुना, गरम फडक्याचा शेक असलं काही करू नका, कातडी भाजली किंवा जखम झाली की ऑपरेशन अजून लांबते.

डॉक्टरांना काय विचारायचं

पोराच्या वहीचं एक पान घ्या आन् प्रश्न लिहूनच न्या, कारण तिथं गेलं की सगळं विसरायला होते. पूर्ण स्तन काढणार का फक्त गाठ? गाठ लहान असली तं पुष्कळ वेळा फक्त गाठ काढून वरून रेडिएशन (मशीनचे किरण) देतात, आन् त्यात जगण्याच्या बाबतीत फरक पडत नाही, हे अमेरिकेतल्या आन् इटलीतल्या बायांवर 20 वर्षं लक्ष ठेवून 2002 मध्ये छापून आलेलं आहे. पण रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस असे काही आठवडे शहरात राहावं लागते, ते घरच्यांना जमते का, हेही त्याच वेळी बोलून घ्या. काखेतल्या बारीक गाठी (लिम्फ नोड, सगळ्यांनाच असतात त्या) तपासायसाठी दोन-चारच काढणार का सगळ्या? हे विचारणं लय महत्त्वाचं, कारण सगळ्या काढल्या तं पुढं हात सुजायचा धोका जास्त राहते आन् मग बाहीचं मापही त्या हिशोबानं ठेवावं लागते. नळी किती दिवस राहील, रेडिएशन लागेल का, स्तन परत तयार करायचं ऑपरेशन होऊ शकते का, झालं तं आत्ताच का मागून. बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासतात त्याचा) रिपोर्ट, आन् दवाखान्यानं दिल्या असल्या तं काचेच्या स्लाईड आन् मेणाचे ब्लॉकही जपून ठेवजा, दुसऱ्या दवाखान्यात गेले की आधी तेच मागतात.

दवाखाना म्हणाल तं आपल्या इकडच्या बाया नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), एम्स, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट इथं जातात, वर्धेकडच्या सेवाग्रामला किंवा सावंगी मेघेला. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं तं राहायची काळजी मोठी असते, त्यासाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरच्या पेशंटला आन् सोबतच्यांना राहता येते, टाटाच्या समाजसेवा विभागात विचारजा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आन् थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असते, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट, पण त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या छापील कागदावर दवाखान्याचा सही-शिक्का लागते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आन् आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंतचा उपचार होते, पण दवाखाना योजनेत असायला पायजे आन् भरती होतानाच नाव चढायला पायजे. खिशातून भरून मग मागून पैसे मागायच्या भरवशावर राहू नका. दवाखान्यात आरोग्यमित्राचा (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचा) टेबल असते, आधी तिथं जा, नाही तं 155388 वर फोन करून विचारा. आधार आन् रेशन कार्ड दोन्हींवर नाव सारखं आहे का ते आजच पाहा, आपल्या बायांचं एकावर माहेरचं आन् दुसऱ्यावर सासरचं नाव असते, ऐन वेळी तिथंच अडते. बाहेरून लावायचा फॉर्म योजनेत बसतो का तेही आरोग्यमित्रालाच विचारा.

अंगाची तयारी

खर्रा, तंबाखू, नस (तपकीर), बिडी बंद करा. आपल्याकडं बायाही खातात आन् डॉक्टरांपुढं नाही म्हणतात, तसं नका करू. तंबाखूनं कातडीला रक्त कमी पोचते आन् टाके भरायला उशीर लागते, महिनाभर आधी सुटलं तं सगळ्यात चांगलं, नाही जमलं तं आजपासून. खर्रा खाणारीचं तोंड पुष्कळ वेळा कमी उघडते. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमधी जातात का पाहा, नाही गेली तं भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, कारण भूल देताना श्वासाची नळी तोंडातूनच टाकतात, त्यांना तयारी ठेवता येते.

तसंच सिकलसेलचं, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचं. घरात कोणाला असलं, किंवा शाळेत-गावात तपासणी होऊन कार्ड भेटलं असलं तं ते कार्ड फाईलीतच ठेवा. भुलीत आन् रक्त देताना त्याचा संबंध येते. बीपी, शुगर, थायरॉईड, रक्त पातळ करायची गोळी, सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्या, नावं पाठ करायची गरज नाही. त्या दिवशी सकाळी कोणती घ्यायची आन् कोणती नाही हे विचारून लिहून घ्या, उपाशीपोटी शुगरची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. हिमोग्लोबिन कमी असलं तं आधी वाढवतात, त्यासाठीही वेळ लागते म्हणून तपासण्या शेवटच्या दिवसावर नका ठेवू. पाळी आली म्हणून तारीख सोडू नका, नर्सला सांगा, बहुतेक वेळा काही अडत नाही. आदल्या दिवशी साबणानं स्वच्छ आंघोळ, पण काखेतले केस घरी पत्तीनं काढू नका, बारीक कापलं की तिथूनच जंतू जातात, काढायचे असले तं दवाखान्यात मशीननं काढतात.

बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, नथ, सगळं उतरवावं लागते आन् यावरून ऑपरेशनच्या दारात रडारड होते. म्हणून आदल्या दिवशी घरीच, साबणाच्या पाण्यात हात भिजवून बांगड्या काढा, मंगळसूत्र रुमालात बांधून सासूबाईजवळ किंवा आईजवळ द्या. आन् ज्या हाताच्या काखेतल्या गाठी काढणार त्या हातात पुढं घट्ट काचेच्या बांगड्या भरायच्याच नाहीत, हे आत्ताच मनाशी ठरवा. मोठ्या मापाच्या, सैल चालतात.

घर आन् पिशवी

बाज किंवा झोळ पडलेली खाट असली तं ती बाजूला ठेवा. एका हातावर जोर देऊन त्यातून उठता येत नाही, खाली सतरंजीवरून तं अजिबातच नाही. कोणाकडून दिवाण किंवा लाकडी पलंग महिनाभर मागून घ्या. रोजचे डबे, चहा-साखर, कपडे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, माळ्यावरचं आन् कोठीतलं आधीच काढून घ्या. पाण्याची घागर, गॅसचं सिलिंडर, लेकराला उचलणं, या कामाला दुसरं माणूस ठरवून ठेवा. जाऊ-नणंदेला सांगून ठेवा की हा रोग लागट नाही, ताट-वाटी वेगळी करायची नाही, लेकरांना जवळ येऊ द्यायचं.

अंगात घालायला समोरून पूर्ण उघडणारे गाऊन तीन तरी पायजे, बटणाचे किंवा चेनचे, डोक्यातून घालायचे नको, हात वर जात नाही. नवे घ्यायची गरज नाही, आहे तोच सुती गाऊन गळ्यापासून कमरेपर्यंत समोरून कापून पट्टी लावून द्यायला टेलरला अर्धा तासही लागत नाही. नवऱ्याचे जुने सुती शर्टही बेस असतात, त्याखाली परकर किंवा सैल पायजमा. ब्लाऊज आपला समोरून हूकचा असते म्हणून पुढं कामी येते, पण पहिले दोन-तीन आठवडे तो घालू नका, मागून हूकचा तं पेटीतच ठेवा.

आता नळीची पिशवी. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर काढायला एक किंवा दोन नळ्या असतात, त्यांच्या टोकाला प्लास्टिकचा डबा किंवा चेंडूसारखी बाटली. ती हातात धरून बाई बाथरूमला जाते, कधी गाऊनला पिन लावून अडकवते, कधी ओढल्या जाते आन् जीव कळवळते. त्यासाठी जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाची पिशवी शिवून न्या. आठ इंच रुंद, नऊ इंच खोल, दोन नळ्या असल्या तं मधातून एक शिवण टाकून दोन कप्पे करा. वरून लांब पट्टा, गळ्यात घातला की पिशवी कमरेवर यायला पायजे, छातीवर नको. पट्टा ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरपा घ्या. दोन पिशव्या शिवा म्हणजे एक धुता येते. सोबत एक छोटी मऊ उशी पण शिवा, टीचभर लांबीची, काखेत हलकी धरायसाठी. घरी येताना काळी-पिवळीत किंवा ऑटोत रस्त्याचे जे धक्के बसतात त्यात ती उशी लय कामी येते.

नळी लावून घरी पाठवलं तं डबा रोज एकाच वेळी रिकामा करा, हात धुऊन, आन् किती मिली आलं ते तारखेसकट लिहा. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असं होत जाते. बहुतेक डॉक्टर 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी असं लागोपाठ दोन दिवस आलं की नळी काढतात, आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तुमची वही पाहूनच ते ठरवतात. ताप 100.4 च्या वर गेला, जखम लाल-गरम झाली, पू किंवा घाण वास आला, डब्यात एकदम ताजं रक्त भरलं, नळी निसटली, दम लागला, तं पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच फोन करून निघा. नळी काढल्यावर काखेजवळ पाणी साचून फुगा येऊ शकते, ते घाबरायचं नाही, डॉक्टर सुईनं काढतात, घरी दाबायचं-चोळायचं नाही.

ड्रेसिंग उघडताना पहिल्यांदा पाहणं अवघड जाते. त्या वेळी सोबत आपलं माणूस ठेवा. नवऱ्यानं राहिलेलं चांगलंच, त्यांना बाहेर पाठवू नका.

हाताचा व्यायाम डॉक्टर किंवा फिजिओथेरपीवाल्या मॅडम दाखवतात तसाच करा. साधारण दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-बंद आन् कोपर वाकवणं, नळी आहे तोपर्यंत हात खांद्याच्या वर नाही, मग भिंतीवर बोटं चढवत चढवत वर. भीतीनं हात पोटाशी धरून बसली तं खांदा धरते, आन् रेडिएशनच्या मशीनवर हात वर करून झोपावं लागते तेव्हा जमत नाही. वावरात परत गेल्यावर त्या हाताला हातमोजा घाला, पऱ्हाटीच्या बोंडाचं टोक, तुरीची खुंटं, विळ्याचा ओरखडा, एवढ्याशा जखमेतूनही हात सुजू शकते. वेचणीची ओटी खांद्याला न लटकवता कमरेला बांधा आन् थोडी भरली की खाली करा. त्या हातावर इंजेक्शन नाही, गोंदण नाही, फवारणीचा पंप त्या खांद्यावर नाही.

फॉर्म कधी आन् कोणता

पहिले सहा-आठ आठवडे सिलिकॉनचा फॉर्म नाही, त्याचं वजन जखमेवर पडते. या काळात हलका कापडी, तोही डॉक्टर हो म्हणाले की. रेडिएशन चालू असलं तं त्या दिवसांत तोही शक्यतो नाही, घट्ट ब्रा नाही, नुसता सैल सुती झगा, आन् अंगावर ज्या खुणा केल्या असतात त्या पुसायच्या नाहीत, तिथं आपल्या मनानं पावडर-तेल लावायचं नाही. कातडी पूर्ण बरी झाली की मग सिलिकॉन.

फॉर्म लावलाच पायजे असं काही नाही. ज्या बाईला नको वाटते तिनं नाही लावला तरी चालते, घरच्यांनी मागं लागू नये, आन् मी येणाऱ्या बाईला हे आधीच सांगते. छाती मोठी असली तं मात्र एका बाजूचं वजन गेल्यानं खांदा एका अंगाला झुकते, मान-पाठ दुखू शकते, ब्रा वर सरकत राहते, अशा बाईला वजनाचा फॉर्म खरंच उपयोगी पडते. दोन्ही बाजू काढल्या असल्या तं माप आपल्या मर्जीचं, आधीपेक्षा लहान आन् हलकं घ्या.

घरचा कापडी फॉर्म असा करते मी. दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या ब्राच्या कपवर कागद दाबून आकार काढायचा. मागचा तुकडा त्या आकाराचा सपाट, पुढचा चारी बाजूनं इंचभर मोठा आन् खालच्या बाजूला दोन टक्स, म्हणजे फुगीरपणा येते. मागचं कापड जुन्या बनियानचं होजिअरी, कारण ते अंगाला लागते, शिवण बाहेरच्या बाजूला. भरायला उशीतला फायबर घ्या. आपल्या घरचा कापूस असते म्हणून सगळ्यांना तोच भरावा वाटते, पण तो घामानं बसते, धुतला की त्याचे गोळे होतात. कापूसच भरायचा असला तं पिंजलेला, सरकीचा कण न राहिलेला, आन् खोळीला एका बाजूनं उघडं ठेवून हूक लावा म्हणजे काढून उन्हात टाकता येते. खालच्या बाजूला जास्त भरा, वर कमी, नाही तं चेंडू दिसते.

जखम पूर्ण भरल्यावर वजन टाकता येते. दुहेरी कापडाची चपटी थैली, त्यात मोहरी, टाके बारीक, आन् ती फॉर्मच्या आत मागच्या अंगाला, खाली. तांदूळ-ज्वारी नका भरू, किडे होतात. मोहरीही पावसाळ्यात बदलत राहायची, धुताना थैली काढून ठेवायची. किती वजन? परातीत काठोकाठ पाणी भरलेलं भांडं ठेवा, वाकून राहिलेली बाजू त्यात बुडवा, परातीत जितके मिली सांडलं तितके ग्राम जवळपास तिचं वजन. एकदम तेवढं नाही टाकायचं, चौथाईपासून सुरू करा आन् ब्राचे दोन्ही पट्टे आरशात सारखे दिसेपर्यंत थोडं थोडं वाढवा. कापडी फॉर्म पूर्ण वजनाचा करूच नका, तो लोंबते.

क्रोशानं विणलेले मऊ सुती फॉर्मही भेटतात, साईशा इंडिया फाउंडेशन नावाची संस्था ते बायांकडून विणून घेऊन फुकट देते. हलके असतात, धुता येतात, आपल्या उन्हाळ्यात मला ते सगळ्यात पसंत.

ब्रा, खिसा, माप

विकतची खिशाची मॅस्टेक्टॉमी ब्रा (स्तन काढलेल्या बायांसाठीची) चांगली, पण महाग पडते आन् तालुक्याला भेटत नाही. साधी सुती ब्राही चालते, फक्त पूर्ण झाकणारा कप, पट्टे रुंद, मागं तीन हूक, तार अजिबात नको, काखेखालची बाजू उंच, आन् दोन कपांच्या मधली जागा उंच. माप असं घ्या. छातीखालून बरगड्यांवरून टेप, समजा 30 इंच, त्यात 4 मिळवा, झाला नंबर 34. वरचं माप एका बाजूचंच घ्यावं लागते: समोर मधल्या हाडापासून राहिलेल्या स्तनाच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून मागं मणक्यापर्यंत, समजा 18, त्याचं दुप्पट 36. 36 मधून 34 गेले, दोनचा फरक म्हणजे बी कप. एकचा असला तं ए, तीनचा सी, चारचा डी. कंपनीप्रमाणं थोडं इकडं-तिकडं होते, घालून पाहिल्याशिवाय दोन नका घेऊ. किमोत आन् गोळ्या सुरू झाल्यावर वजन बदलते, तेव्हा माप परत.

खिसा शिवायला परत बनियानचंच कापड. कपापेक्षा इंचभर मोठा तुकडा, कपाच्या कडेकडेनं हातानं तुरपाई, काखेच्या बाजूचं तोंड उघडं ठेवायचं, तिथूनच फॉर्म आत जाते. मशीनची जाड शिवण व्रणावर यायला नको. वरच्या काठाला बोटभर रुंद मऊ इलॅस्टिक लावा, नाही तं निंदायला वाकलं की फॉर्म गळ्याकडं येते, आन् याच भीतीनं बाया वाकायचं सोडतात. मागं हूक लावायला हात जात नसला तं हूक समोर लावून ब्रा फिरवून घ्या. अंग सुजलेलं असते तेव्हा हूक वाढवायची पट्टी भेटते, बांगडीच्या दुकानातही असते.

पुष्कळ म्हाताऱ्या बाया ब्रा घालतच नाहीत, जन्मभर पोलकं नाही तं चोळी. त्यांना ब्रा घाला म्हणून तगादा लावू नका. पोलक्यालाच आतून सुती अस्तर लावा, त्या बाजूच्या अस्तरात खिसा करा, आन् खालच्या पट्टीच्या आतून अर्धा इंच इलॅस्टिक टाका म्हणजे फॉर्म खाली उतरत नाही. चोळी गाठीची असली तं हलकाच फॉर्म.

ब्लाऊज मात्र घाईनं शिवू नका. सूज उतरल्यावर, रेडिएशन असलं तं ते होऊन कातडी बरी झाल्यावर, ब्रा आन् फॉर्म घालूनच माप द्या. दोन्ही बाजूंचं वेगळं माप घ्यायला सांगा. ऑपरेशनवाल्या बाजूचा मुंढा अर्धा इंच सैल, बाहीचा घेर इंचभर सैल, आत इंचभर मार्जिन सोडलेलं. बाही काढल्यावर दंडावर वळ दिसला की ती घट्ट झाली, त्याच दिवशी उसवा. पुढचा गळा नेहमीपेक्षा इंच-दीड इंच वर. कटोरी आन् प्रिन्सेस कटमधी दोन बाजूंचा फरक लगेच दिसते, साधे टक्सवाले बरे, आन् पहिले काही ब्लाऊज बारीक प्रिंटचे घ्या, साध्या एका रंगावर थोडाही उंच-सखलपणा लपत नाही. पदर डाव्या खांद्यावर जाते म्हणून डाव्या काखेखालचा ब्लाऊज बाजूनं उघडा दिसते, ऑपरेशन डावीकडचं असलं तं तिथली फिटिंग बाजूनं उभं राहून तपासा.

सिलिकॉनचा घ्यायला गेल्या तं

नागपुरात धंतोली-रामदासपेठ दवाखान्यांचा भाग आहे, तिथल्या सर्जिकल दुकानांत विचारा, पण आधी तुमच्याच दवाखान्याच्या समाजसेविका ताईला विचारा, त्यांना कोण कमी भावात किंवा फुकट देते ते माहीत असते. किंमत हजारांत जाते, म्हणून माप घेणारी बाई आहे का, आत घालून पाहू देतात का, बदलून देतात का, वॉरंटी किती, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्ण वजनाचा आन् हलक्या सिलिकॉनचा असे दोन असतात, वावरात काम करणाऱ्या बाईला हलकाच घ्या. आकारही वेगवेगळे: तिकोनी दोन्ही बाजूला चालतो, काखेकडं शेपटी असलेला मात्र डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, कारण काखेतलं मास जास्त काढलं असलं तं तो खड्डा त्या शेपटीनं भरते. फक्त गाठ काढून स्तन थोडं लहान झालं असलं तं पूर्ण फॉर्मची गरज नाही, पातळ टोपीसारखा भेटतो. पाहायला जाताना एका रंगाचा घट्टसर कुर्ता किंवा रोजचा ब्लाऊज सोबत न्या. घालून समोरून पाहा, बाजूनं पाहा, दोन्ही हात वर करा, पाय धरायला वाका, दहा मिनिटं दुकानातच फिरा.

रोज रात्री साध्या साबणानं हातानं धुऊन, टिपून, त्याच्या डब्यातच ठेवा, आकार त्यातच टिकते. टिनाच्या छपराखाली एप्रिल-मेमधी आन् चुलीजवळ ठेवू नका. आपल्याकडं 45 डिग्री होते, सिलिकॉनखाली घाम साचून घामोळ्या, खाज, लाल चट्टे येतात, म्हणून उन्हाळ्यात दिवसा सुती आन् बाजाराला-लग्नाला सिलिकॉन असं करा, ब्रा दोन-तीन ठेवा, ओली ब्रा लगेच बदला. पदराची सेफ्टी पिन छातीवर कधीच लावू नका, खांद्यावरच, एक टोक लागलं की सिलिकॉन फुटते, हजारो रुपये वाया. बारीक छिद्र पडलंच तं पट्टी चिकटवून दोन-चार दिवस निघतात, मग बदलावाच लागते. नीट वापरला तं दोनेक वर्षं जाते.

आन् टेलरकडं जाल तेव्हा दुकानात सगळ्यांसमोर माप देऊ नका. दुपारची वेळ घ्या, आतल्या खोलीत दार लावून माप घ्यायला सांगा, पोरीला किंवा जावेला सोबत न्या. शिवणाऱ्या बाईला सरळ सांगा की ऑपरेशन झालं, कोणत्या बाजूचं, हात किती वर जाते, कुठं दुखते. तिनं असं कधी शिवलं नसलं तं वरचं माप आन् खिशाचं वाचून दाखवा, कोणत्याही ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला हे जमते. आधी जुन्या ब्लाऊजवर करून पाहायला सांगा, तो दोन दिवस घरी वापरा, कुठं टोचते-सरकते ते खडूनं खूण करून आणा, मगच नवं कापड कापू द्या.